पाटी बघू नकोस, टेबल बघ: राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने को-ऑप कुठे करावा?

सांगलीहून कॅनडात ओटावाला शिकायला आलेल्या एका मुलीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा तिचा विषय. दुसरं वर्ष संपलं, को-ऑपला, म्हणजे पदवीचाच भाग म्हणून अधूनमधून एकेक टर्म पगारी काम करण्याच्या योजनेला, नाव आहे. उन्हाळ्याच्या टर्मसाठी तिने ४३ अर्ज केले, दोन मुलाखती झाल्या, जागा एकही मिळाली नाही. खोलीतली कॉम्प्युटर सायन्सची मैत्रीण मात्र तिसऱ्याच अर्जात लागली. परराष्ट्र खात्यात काम करायचं हे मनात धरूनच ती इथे आली होती. आता घरून बाबा म्हणतात, को-ऑप सोड, वर्षभर आधी पदवी पदरात पाडून घे. सोडू का, असं तिने विचारलं आहे.

मी सात वर्षं एका प्रांताच्या सरकारी खात्यात धोरण विश्लेषक होते आणि दर टर्मला विद्यार्थी घेत होते. त्यानंतर बारा वर्षं एका विद्यापीठाच्या को-ऑप कार्यालयात समन्वयक म्हणून काम केलं. दोन्ही बाजूंनी हे टेबल पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. वयाने लहान आहेस, तेव्हा तू म्हणते.

आधी एक गोष्ट. तुझा प्रश्न को-ऑप सोडण्याचा वाटत असला, तरी तुझ्या ४३ अर्जांच्या यादीकडे बघून मला दुसराच प्रश्न दिसतो. तू लिहिलं आहेस की त्यातले ३० हून जास्त अर्ज फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, खात्यांचे होते. म्हणजे ज्या दारावर तुझ्यासाठी सगळ्यात जास्त अटी आहेत, तेच दार तू तीस वेळा ठोठावलंस. यात तुझी लायकी कमी पडली असं मला मुळीच वाटत नाही.

ते दार कसं चालतं ते सांगते, कारण हे कोणी नीट समजावून सांगत नाही. फेडरल सरकार विद्यार्थ्यांना दोन मुख्य वाटांनी घेतं. एक म्हणजे फेडरल स्टुडंट वर्क एक्स्पिरियन्स प्रोग्रॅम, ज्याला सगळे ‘एफस्वेप’ म्हणतात, आणि दुसरी विद्यापीठांमार्फत येणारी को-ऑपची वाट. नोकरभरतीच्या कायद्यात प्राधान्याचा क्रम आहे. आधी माजी सैनिक आणि कॅनडाचे नागरिक होते, २०२१ पासून पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, असलेल्यांनाही नागरिकांच्या बरोबरीने धरतात. स्टडी परमिटवर आलेल्याला बंदी नाही, पण रांगेत तो मागे उभा असतो, आणि पुढची माणसं संपल्याशिवाय त्याचा नंबर येत नाही. त्यात सुरक्षा तपासणी. साध्या ‘रिलायबिलिटी’ दर्जासाठी मागची पाच वर्षं तपासतात, ‘सीक्रेट’साठी दहा. तुझी पाचातली तीन वर्षं सांगलीत गेली. तपासणी होते, पण वेळ लागतो, आणि चार महिन्यांच्या टर्मसाठी माणूस हवा असलेला अधिकारी तेवढा थांबत नाही. शिवाय गेल्या दोन वर्षांत केंद्राचे नोकर कमी होत आहेत. मार्च २०२४ ते मार्च २०२५ या एका वर्षात संख्या जवळपास १० हजारांनी घटली. कायम नोकरांवरच गदा येते तेव्हा विद्यार्थ्यांच्या जागा सगळ्यात आधी गोठवल्या जातात. तुझ्या वर्गातल्या इथल्या मुलांनाही या वर्षी उत्तरं आली नसतील, विचारून बघ.

मैत्रिणीशी तुलना करून स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. कॉम्प्युटरच्या मुलीला कंपनी घेते. तिने काय केलं ते एका चाचणीत दिसतं आणि तिच्या कामाचा पैसा लगेच होतो. वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ मध्ये कॅनडात को-ऑप सुरू केला तोच मुळी इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी. हा सगळा साचा त्यांच्या मापाने शिवलेला आहे. राज्यशास्त्राच्या मुलांना तो अंगाला बसवून घ्यावा लागतो. त्यांना घेणारे बहुतेक जण सरकार, पालिका, संस्था, संघटना असतात, आणि त्यांची भरती अर्थसंकल्पावर चालते.

आता काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुझं स्टडी परमिट कधी संपतं, विद्यापीठ को-ऑपची फी किती घेतं, कर्ज आहे का, आणि पुढे तुला इथे राहायचंय की परत जायचंय, या चार गोष्टी मला माहीत नाहीत. त्या तुलाच मांडून बघायच्या आहेत. परवान्याचं एक वेगळं सांगते. परदेशी विद्यार्थ्यांना को-ऑपसाठी वेगळं वर्क परमिट काढावं लागत असे, पण अलीकडे या नियमांत सतत बदल चालू आहेत. वरच्या वर्गातल्या मुलांनी सांगितलेलं दोन वर्षांपूर्वीचं असतं. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा आणि त्या दिवशीचा नियम लेखी घे. दुसरं, कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर पीआर देणाऱ्या ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लास’मध्ये को-ऑपचा अनुभव धरत नाहीत, कारण पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम त्यात मोजत नाहीत. पुष्कळ पालक याच आशेने को-ऑपची फी भरतात. बाबांना हे आत्ताच सांगून टाक.

मग को-ऑप करायचा कशासाठी? माझ्या मते आपल्या विषयात त्याचं एकच मोठं कारण आहे. ज्याला निर्णय घ्यायचा आहे आणि ज्याच्याकडे वेळ नाही, अशा माणसासाठी एका पानात लिहायला शिकणं. वर्गात हे कोणी शिकवत नाही. उलट वर्गात पंधरा पानं लिहायला लावतात.

एक प्रसंग सांगते. आमच्या खात्यात तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा आला होता, अतिशय हुशार. त्याला पहिलं काम दिलं, ग्रामीण वाचनालयांच्या अनुदानाच्या अर्जाची मुदत वाढवावी का, यावर टिपणी तयार कर. आपल्याकडे मंत्रालयात फाइलवर टिपणी चढते, तशीच ही इथली ब्रीफिंग नोट. चार दिवसांनी त्याने सहा पानं आणून दिली. पहिल्या पानावर सार्वजनिक वाचनालयांचा इतिहास, दुसऱ्यावर साक्षरतेचं महत्त्व, तिसऱ्यावर इतर प्रांत काय करतात. भाषा सुंदर होती. मी लाल पेन घेऊन वाचत गेले, आणि पाचव्या पानाच्या मध्यावर एक वाक्य सापडलं: वाचनालयांना हिशेबतपासनिसाचा दाखला मार्चअखेरीस मिळतो, आणि अर्जाची मुदत फेब्रुवारीतच संपते. मी त्या वाक्याला चौकट काढली आणि पानं त्याच्याकडे सरकवली. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, “म्हणजे एवढंच होतं?” एवढंच होतं. मुदत पाळणं वाचनालयांना शक्यच नव्हतं. दुपारपर्यंत त्याने एक पान केलं. वर विषय, खाली शिफारस: मुदत एप्रिलअखेर न्यावी. मग ते दाखल्याचं कारण, मग खर्च किती वाढेल, मग न वाढवल्यास काय होईल. संचालक बाईंनी ती वाचून जिन्यातच सही केली. त्या मुलाने पुढच्या दोन वर्क टर्म मोठमोठ्या ठिकाणी केल्या. पण तो मला आजही सांगतो, शिकलो ते त्या चौकटीतल्या वाक्यावरून.

म्हणून मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आले आहे की दारावरची पाटी बघू नकोस, आतलं टेबल बघ. ससेक्स ड्राइव्हवरच्या परराष्ट्र खात्याच्या इमारतीत चार महिने बसून फक्त बैठकांच्या खोल्या आरक्षित करणारी मुलं मी पाहिली आहेत. आणि एखाद्या नगरसेविकेच्या कार्यालयात दर आठवड्याला तीन टिपण्या लिहून तयार झालेली मुलंही पाहिली आहेत. मुलाखतीच्या शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय का” असं म्हणतात, तेव्हा हे विचार: आधीच्या विद्यार्थ्याने लिहिलेलं काय काय बाहेर गेलं? ते कोण तपासतं? माझं लिखाण कुणाच्या टेबलापर्यंत पोचेल? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर ती जागा चांगली. समोरच्याला आठवावं लागलं तर समजून जा.

तुझ्यासाठी कुठली दारं? इथे मला तुझ्याच प्रश्नातली एक ओळ फार महत्त्वाची वाटली. तू जाता जाता लिहिलंस की कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या उंचीवर तू टर्म पेपर लिहिलास, कारण २०१९ च्या पुरात तुमच्या घरात पाणी आलं होतं. ही ओळ तुझ्या कव्हर लेटरमध्ये नाही! तिथे तू लिहिलं आहेस, ‘मला जागतिक राजकारणाची लहानपणापासून आवड आहे.’ हे वाक्य मी बारा वर्षांत हजारो अर्जांत वाचलं असेन. ते वाचून कोणालाही काही कळत नाही.

आता बघ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. त्याच वर्षी एप्रिल-मे मध्ये ओटावा नदीला पूर आला, शहराने आणीबाणी जाहीर केली, आणि दोनच वर्षं आधी, २०१७ मध्येही, मोठा पूर आला होता. ही नदी ओंटारिओ आणि क्यूबेक या दोन प्रांतांच्या हद्दीवरून वाहते. धरणं वेगवेगळ्यांच्या ताब्यात आहेत, पाणी कधी सोडायचं यावर काठावरच्या लोकांचा राग आहे. हे तुला नवीन आहे का? कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये आलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली, तेव्हापासून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात जे चाललंय, त्याच जातीचा हा विषय. आणि याच्या वर देशादेशांतली पातळी आहे. कॅनडा आणि अमेरिका यांनी १९०९ मध्ये सीमेवरच्या पाण्याचा करार केला, त्यातून इंटरनॅशनल जॉइंट कमिशन उभं राहिलं. तीन सदस्य इकडचे, तीन तिकडचे. शंभर वर्षांहून जास्त काळ ते चालू आहे. आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे फक्त दूतावास नव्हेत. दोन सरकारांनी एका नदीचं काय करायचं, हे परराष्ट्र धोरणच आहे, आणि तू त्यात घरातल्या भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेपासून आली आहेस.

तेव्हा माझी यादी अशी असेल. ओंटारिओत १९४६ च्या कायद्याने नदीखोऱ्यांनुसार कॉन्झर्व्हेशन ऑथॉरिटी झाल्या. पुराचे इशारे, पूररेषा, नदीकाठचं बांधकाम हे त्यांचं काम. तिथे इंजिनीअर खूप, पण लोकांना समजेल असं आणि पालिकेला पटेल असं लिहिणारी माणसं कमी. त्यानंतर पालिका: नगरसेवकांची कार्यालयं, आणीबाणी व्यवस्थापन, हवामान बदलाचा विभाग. प्रांतिक खात्यांची कार्यालयं फक्त टोरांटोतच नाहीत, ओटावातही आहेत. पालिकांच्या आणि व्यावसायिकांच्या संघटना असतात, त्यांना सरकारपुढे निवेदनं मांडायची असतात आणि ती लिहायला माणूस हवा असतो. आणि तुझं स्वतःचं विद्यापीठ. पाण्यावर काम करणाऱ्या प्राध्यापकाकडे संशोधन साहाय्यकाची जागा को-ऑप म्हणून मान्य होऊ शकते का, हे तुझ्या समन्वयकाला विचार. पुष्कळदा होते, पण मागितल्याशिवाय नाही.

स्वयंसेवी संस्थांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. जाहिरातीत ‘फक्त नागरिक किंवा पीआर’ असं दिसलं की आपल्या मुलांना वाटतं हा भेदभाव आहे. बहुतेक वेळा कारण पैशाचं असतं. ‘कॅनडा समर जॉब्स’ किंवा ‘स्टुडंट वर्क प्लेसमेंट प्रोग्रॅम’ या सरकारी योजनांतून त्या संस्थांना विद्यार्थ्याच्या पगारासाठी अनुदान मिळतं, आणि परदेशी विद्यार्थ्यासाठी ते मिळत नाही. छोटी संस्था स्वतःच्या खिशातून देऊ शकत नाही. म्हणून अर्ज टाकण्याआधी दोन ओळींचा ईमेल कर: ही जागा अनुदानावर आहे का? आहे म्हणाले तर आभार मानून पुढे जा, दोन तास वाचले. नाही म्हणाले तर त्यांनी तुझं नाव आधीच एकदा वाचलेलं असेल.

संयुक्त राष्ट्रांची इंटर्नशिप करू का, असंही तू शेवटी विचारलं आहेस. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली ती बिनपगारी असते. कॅनडात को-ऑपच्या मानांकनाची अट अशी की काम पगारी हवं आणि एक वर्क टर्म किमान १२ आठवडे किंवा ४२० तासांची हवी. म्हणजे ती तुझ्या को-ऑपमध्ये बसणार नाही, आणि न्यूयॉर्क किंवा जिनिव्हाचं भाडं घरच्यांवर पडेल. पदवीनंतर परवडलं तर जरूर कर. आत्ता नको.

फ्रेंचबद्दल. तू लिहिलंस, “माझं फ्रेंच शून्य आहे, त्यामुळे ओटावात काही खरं नाही.” १९६९ च्या भाषा कायद्यापासून केंद्राच्या कारभारात दोन्ही भाषा आहेत आणि वरच्या जागांना फ्रेंच लागतंच. पण पहिल्या वर्क टर्मला सगळीकडे लागत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि सीमाभागातल्या आजोळामुळे कानावरचं कन्नड, एवढं घेऊन आलेल्या मुलीला चौथी-पाचवी भाषा जड नाही. विद्यापीठात फ्रेंचचा एक विषय दर टर्मला घे. तीन वर्षांनी तू माझे आभार मानशील असं नाही म्हणत, पण तेव्हा सुरुवात करायला उशीर झालेला असेल.

आता बाबांचं म्हणणं. ते मी झटकून टाकणार नाही. चार वर्षांची पदवी को-ऑपमुळे साधारण पाच वर्षांची होते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर सुरू होत असले, तरी व्याज रोज चढत असतं, आणि अभ्यासक्रम लांबला तर बँकेला वेळेवर कळवावं लागतं. तेव्हा एक कागद घे. एका बाजूला वाढलेल्या वर्षाचं भाडं, खाणं, को-ऑपची फी, व्याज. दुसऱ्या बाजूला तीन वर्क टर्मचा पगार, पण तिन्ही मिळतील असं न धरता दोन धर. हा हिशेब बाबांसोबत व्हिडिओ कॉलवर बसून कर. मी पाहिलं आहे, आकडे समोर आले की “सोड” म्हणणारे वडील “एक टर्म अजून बघ” म्हणतात. आणि हिशेब खरंच जमत नसेल, तर को-ऑप सोडण्यात कमीपणा नाही. उन्हाळ्यात प्राध्यापकाकडे अर्धवेळ काम करूनही लिहायला शिकता येतं. माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांतले काही को-ऑपमधून बाहेर पडलेले होते.

परत जायचा विचार असेल तर चित्र आणखी वेगळं आहे, आणि तिथे नागरिकत्व तुझ्या बाजूने आहे. दिल्लीत आपलं परराष्ट्र मंत्रालय भारतीय विद्यार्थ्यांना इंटर्नशिपला घेतं. खासदारांसोबत काम करण्याची ‘लॅम्प’ फेलोशिप आहे, तिच्यात एका खासदाराला एक फेलो मिळतो आणि त्याचं काम म्हणजे अधिवेशनासाठी प्रश्न आणि टिपण्या तयार करणं. राज्यात २०१५ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप आहे. या तिन्ही ठिकाणी कॅनडातल्या पालिकेत लिहिलेल्या चार एकपानी टिपण्या ससेक्स ड्राइव्हच्या पाटीपेक्षा जास्त बोलतील, कारण त्या समोर ठेवता येतात. काम गोपनीय असेल तर अर्थातच ठेवता येत नाहीत. म्हणून सुपरवायझरला पहिल्याच आठवड्यात विचारून ठेव की काय दाखवायला हरकत नाही.

थोडक्यात पुन्हा सांगते. एका हंगामाच्या निकालावर को-ऑप सोडू नकोस, हिशेब केल्यावर सोडायचा तर सोड. फेडरल अर्ज पाच-सहाच ठेव, बाकीचे पालिका, खोरं, प्रांत, संघटना आणि विद्यापीठ यांना. अर्जात आवड लिहू नकोस, काम लिही.

जानेवारीच्या टर्मच्या जागा सप्टेंबरात पोर्टलवर लागायला सुरुवात होते. आता जुलै चालू आहे. तुझा आलमट्टीचा पेपर काढ आणि त्याचं एक पान कर. विषय: ओटावा नदीच्या पुराचा इशारा दोन प्रांतांनी एकत्र द्यावा का. वर शिफारस, खाली तीन कारणं, शेवटी न केल्यास काय. सांगलीचा उल्लेख एकाच वाक्यात, पण तो हवाच. झालं की इथेच टाक, मी लाल पेन घेऊन वाचते.